हातभार

वाचकहो, आहार, औषधे आणि व्यायाम हे आपले नेहमीचे विषय या पंधरवड्यापुरते थोडे बाजूला ठेवू आणि एक चित्र पाहू. चित्र पाहण्याचा आरोग्याशी काय संबंध, असा प्रश्न आपल्या मनात येईल. संबंध आहे, आणि तो लेखाच्या ओघात स्पष्ट होईल. ज्या घरात कोणी वृद्ध आहे, कोणी अंथरुणाला खिळलेले आहे किंवा कोणाची स्मृती हळूहळू मंदावत आहे, त्या घरासाठी हे चित्र विशेष आहे. ते एकट्याने पाहण्यापेक्षा दोघांनी मिळून पाहावे, ही विनंती.

मेक्सिकोचे विख्यात चित्रकार दिएगो रिवेरा यांनी १९३५ साली हे चित्र काढले. स्पॅनिश भाषेत त्याचे नाव 'कार्गादोर दे फ्लोरेस', म्हणजे फुले वाहणारा. अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहराच्या आधुनिक कला संग्रहालयात ते आहे. लाकडी तंतू दाबून केलेल्या फळीवर तैलरंग आणि टेंपेरा वापरून ते रंगविलेले असून त्याची उंची आणि रुंदी जवळजवळ सारखी, सुमारे १२२ सेंटीमीटर, म्हणजे चार फूट आहे. त्याच्या छापील प्रती जगभर घरोघरी पोहोचल्या आहेत. नातवंडांना सांगितले तर ती भ्रमणध्वनीवर क्षणात शोधून देतील. तोवर शब्दांनीच त्याची ओळख करून घेऊ.

चित्राच्या खालच्या भागात एक माणूस जमिनीवर हात टेकून, गुडघ्यांवर ओणवा झालेला आहे. अंगावर पांढरे कपडे, डोक्यावर पिवळी रुंद काठाची टोपी. त्याच्या पाठीवर एक प्रचंड टोपली आहे, त्याच्या देहापेक्षाही मोठी वाटावी अशी. एका रुंद पिवळ्या पट्ट्याने ती त्याच्या अंगाशी बांधलेली आहे. टोपलीत जांभळट गुलाबी फुले काठोकाठ भरली आहेत. माणसाची मान खाली आहे, नजर जमिनीकडे आहे. त्याच्या मागे एक स्त्री उभी आहे. ती किंचित वाकली आहे आणि तिचे दोन्ही हात टोपलीला लागलेले आहेत. चित्रात एवढेच आहे. दोन माणसे, एक टोपली आणि फुले.

हे चित्र हुबेहूब नाही. आकृत्या सोप्या, गोलसर आणि ठसठशीत केल्या आहेत. अशा चित्राला शैलीबद्ध चित्र म्हणतात. आपल्याकडे वारली चित्रात दोन त्रिकोण जोडले की माणूस उभा राहतो. त्याला नाक-डोळे नसतात, तरी तो नाचतो आहे की पेरणी करतो आहे, हे आपल्याला लगेच कळते. रिवेरांनी तरुणपणी युरोपात चौदा वर्षे घालविली. पॅरिसमध्ये ते घनवादी शैलीत चित्रे काढीत होते, इटलीत त्यांनी जुनी भित्तिचित्रे अभ्यासली, आणि १९२१ साली मायदेशी परतल्यावर मेक्सिकोच्या प्राचीन शिल्पांतील भरीव, गोलाईदार आकार त्यांनी आपलेसे केले. अनावश्यक तपशील गाळल्यामुळे हा फुलवाला कोणी एक माणूस राहत नाही. ओझे वाहणारा कोणीही त्याच्या जागी स्वतःला ठेवू शकतो.

फुले ओळखीचीच आहेत

हा देश आपल्यापासून फार दूर आहे, असे वाटेल. पण आपल्या देवघराशी त्याचे जुने नाते आहे. दसऱ्याला दाराला ज्याचे तोरण बांधतो तो झेंडू मूळचा मेक्सिकोचा. गजऱ्यात आणि हारात दरवळणारा निशिगंधही तिथलाच. देवळाच्या आवारात पांढऱ्या पाकळ्यांचा सडा घालणारा, पिवळ्या गाभ्याचा खुरचाफा तोही मेक्सिको आणि त्याच्या शेजारच्या मुलखांतून आला. युरोपीय दर्यावर्दी अमेरिकेत पोहोचल्यानंतरच्या काळात ही झाडे समुद्र ओलांडून इकडे आली आणि इतकी आपली झाली, की त्यांचे माहेर आपण विसरलो. मेक्सिकोतही मृतांच्या स्मरणाच्या दिवसांत झेंडूच्या फुलांनी वाटा आणि वेद्या सजवितात.

मेक्सिको शहराच्या दक्षिणेला सोचिमिल्को नावाचा भाग आहे. उथळ पाण्यात मातीचे वाफे रचून तिथे शतकानुशतके फुले आणि भाजीपाला पिकवितात आणि कालव्यांतून होड्यांनी माल नेतात. स्पॅनिश लोक येण्यापूर्वी त्या प्रदेशात ओझ्याचे बैल, घोडे किंवा गाढवे नव्हती. धान्य, मीठ, कापड, सारे काही माणसाच्या पाठीवरून जात असे. पाठीवर बोजा आणि तो पेलायला पट्टा ही तिथली फार जुनी रीत आहे. रिवेरांनी फुले विकणारी आणि वाहणारी माणसे पुन्हा पुन्हा रंगविली. १९२५ सालचे त्यांचे 'फुलांचा दिवस' हे चित्रही प्रसिद्ध आहे. त्यातही पाठीवर फुलांचा भार घेतलेला माणूस आहे.

तीन अर्थ

आता अर्थाकडे वळू. या चित्राचा पहिला अर्थ बहुतेक समीक्षक सांगतात तो. फुले सर्वांना दिसतात, त्यांना वाहणाऱ्याला मात्र दिसत नाहीत. ती त्याच्या पाठीवर आहेत, त्याचे डोळे मातीकडे आहेत. त्याच्यासाठी फुलांना रंग नाही, केवळ वजन आहे. ती फुले कोणाच्या तरी मेजावर शोभतील, पण तो मेज याच्या घरात नसेल. रिवेरा साम्यवादी विचारांचे होते आणि श्रमिकांविषयीची आस्था त्यांच्या चित्रांत सर्वत्र दिसते. त्यामुळे हा अर्थ त्यांच्या मनात असणार, हे मानायला जागा आहे.

सेवा करणाऱ्या वाचकांना हा अर्थ वेगळ्या रीतीने जाणवेल. आजारी आईच्या उशाशी ठेवलेली फुले भेटायला येणाऱ्यांना दिसतात. "किती छान ठेवलंय हो तुम्ही आईंना," असे ते म्हणून जातात. पहाटे तीन वाजता ओली चादर बदलणाऱ्या सुनेला त्या 'छान'मागचे वजन ठाऊक असते. ती फुले पाहायला तिला मान वर करण्याची सवड मिळालेली नसते.

दुसरा अर्थ फुलांच्या वजनाविषयी आहे. एका फुलाचे वजन ते किती? तळहातावर ठेवले तर जाणवतही नाही. तरी तीच फुले शेकड्यांनी टोपलीत साचली, की धडधाकट माणूस गुडघ्यांवर येतो. घरातील शुश्रूषेचे ओझे नेमके असेच असते. सकाळची गोळी, कोमट पाणी, चष्मा कुठे ठेवला, शौचाला नेणे, तोच प्रश्न सहाव्यांदा ऐकणे, डॉक्टरांची वेळ घेणे, रात्री दाराची कडी तपासणे. यातले एकही काम सांगण्यासारखे मोठे नाही. म्हणून सेवा करणारी व्यक्ती थकली तर "एवढं काय करावं लागतं?" असे सहज विचारले जाते. तिलाही उत्तर देता येत नाही, कारण एक-एक फूल दाखवून टोपलीचे वजन पटवून देता येत नाही.

तिसरा अर्थ त्या स्त्रीच्या हातांत आहे. ती काय करते आहे? ती टोपली त्याच्या पाठीवर चढविते आहे, की त्याला उठता यावे म्हणून टोपली सावरून धरते आहे? चित्राकडे पुष्कळ वेळ पाहिले तरी दोन्ही शक्यता उभ्या राहतात. पाठीवर ओझे ठेवणारे हात आणि ओझ्याला आधार देणारे हात दिसायला सारखेच असतात.

आपल्या ग्रामीण भागात ज्यांचे बालपण गेले, त्या ज्येष्ठ वाचकांना याचे उत्तर बहुधा सुचले असेल. सरपणाची मोळी डोक्यावर घेऊन दोन कोस चालणारी बाई ती मोळी एकटीने डोक्यावर चढवू शकत नाही. ती वाटेने जाणाऱ्या दुसरीला म्हणते, "जरा हात लाव गं." दुसरी हात लावते, मोळी डोक्यावर बसते आणि पहिली चालू लागते. त्या क्षणी दुसरीने ओझे चढविले की मदत केली? दोन्ही. ओझे टाकून देण्याची सोय नसते, तेव्हा ते नीट चढवून देणे हीच मदत असते. मराठीत यासाठी एक सुंदर शब्द आहे, हातभार. हात आणि भार ही दोन्ही त्या एका शब्दात शेजारी नांदतात.

"मी तुम्हाला ओझे झालो"

हे वाक्य ज्या घरात उच्चारले गेले नाही असे वृद्धांचे घर विरळा. आजोबा ते म्हणतात, आणि घरातले लगबगीने उत्तर देतात, "छे, काहीतरीच काय बोलता!" उत्तर प्रेमाचे असते, पण त्याने बोलणे तिथेच थांबते. ज्या माणसाने चाळीस वर्षे संसार ओढला, त्याला वजनाचा अंदाज असतो. मुलाचे सुजलेले डोळे आणि सुनेची रद्द झालेली सुट्टी त्याला दिसत असते. वजन नाहीच, असे सांगितले की त्याला वाटते, आपल्याला खरे सांगण्याच्या योग्यतेचेही कोणी समजत नाही.

या चित्रात ओझे आणि फुले अशा दोन वेगळ्या वस्तू नाहीत. जी फुले आहेत, तेच ओझे आहे. पाठ दुखते हे खरे, आणि पाठीवर फुले आहेत हेही खरे. यातले एक खरे ठरविण्यासाठी दुसरे खोटे ठरवावे लागत नाही. म्हणून पुढच्या वेळी ते वाक्य कानी आले, तर घाईने खोडून काढण्याऐवजी जवळ बसून म्हणून पाहा, "हो बाबा, दमायला होतं कधीकधी. पण आम्हाला तुम्ही हवे आहात." या दोन वाक्यांना धैर्य लागते. मात्र त्यानंतर होणारे बोलणे अधिक खरे असते, आणि पुष्कळदा वृद्ध माणूस त्यातून आपला वाटा शोधतो. "मग दुपारची औषधे मीच डबीत भरून ठेवीन," असे तो म्हणतो. तोही मग टोपलीला हात लावतो.

आणि जेव्हा हे वाक्य वारंवार येते, त्याबरोबर जेवण कमी होते, झोप उडते, किंवा 'आता जगून काय करायचे' असे उद्गार निघतात, तेव्हा ते केवळ वयाचे बोलणे समजू नये. वृद्धापकाळातील नैराश्य हा उपचारांनी सुधारणारा आजार आहे. अशा वेळी डॉक्टरांना भेटण्यात दिरंगाई करू नये.

दोघांनी मिळून पाहताना

स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीशी बोलताना आपण नकळत परीक्षा घेऊ लागतो. "हा कोण, ओळखलंस का? आज वार कोणता? सकाळी काय खाल्लं?" प्रत्येक प्रश्नाचे एकच बरोबर उत्तर असते आणि ते हरवलेले असते. दिवसभर नापास होत राहणारा माणूस अखेर बोलणेच सोडतो. चित्राचे तसे नाही. त्या स्त्रीचे हात काय करीत आहेत, याचे एकच उत्तर नाही, म्हणून कोणी चुकत नाही.

हे तत्त्व ओळखून न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने २००६ पासून स्मृतिभ्रंशाचे रुग्ण आणि त्यांची काळजी घेणारे यांना एकत्र चित्रे दाखविण्याचा उपक्रम सुरू केला. अमेरिकेतच अ‍ॅन बास्टिंग यांनी १९९०च्या दशकात अशा रुग्णांसमोर चित्र ठेवून, आठवायला न सांगता गोष्ट रचायला सांगण्याची पद्धत विकसित केली. या उपक्रमांनी आजार बरा होत नाही, आणि तशी अपेक्षाही धरू नये. त्यांतून मिळतो तो एकमेकांच्या सहवासातला बरा वेळ, आणि तो वेळ घरीही मिळविता येतो.

चित्राची मोठी, निदान वहीच्या पानाएवढी प्रत घ्यावी. भ्रमणध्वनीचा पडदा लहान पडतो. चकचकीत कागदावर किंवा काचेवर उजेड चमकतो, म्हणून साधा कागद बरा. खिडकी पाठीमागे किंवा बाजूला असावी, समोर नसावी. चष्मा पुसून लावावा, श्रवणयंत्र असेल तर तेही लावावे. सकाळची किंवा दुपारच्या विश्रांतीनंतरची वेळ निवडावी. स्मृतिभ्रंशाच्या पुष्कळ रुग्णांची अस्वस्थता सायंकाळी वाढते. दूरचित्रवाणी बंद ठेवावी. पंधरा-वीस मिनिटे पुरेशी आहेत, आणि पाचच मिनिटांत कंटाळा दिसला तर तिथेच थांबावे.

प्रथम एक मिनिट काहीच बोलू नये. मग विचारावे, "या चित्रात काय चाललं आहे?" जे उत्तर येईल ते आपल्या शब्दांत पुन्हा म्हणावे, म्हणजे ऐकले गेल्याचे समाधान मिळते. मग विचारावे, "असं कशावरून वाटलं?" आणि त्यानंतर, "आणखी काय दिसतं?" चित्र पाहायला शिकविणारे अनुभवी लोक हेच तीन साधे प्रश्न वापरतात. आजी म्हणाल्या, "बाजाराला निघालाय," तर "नाही, तो तर खाली बसलाय," असे दुरुस्त करू नये. "बाजारात काय भाव मिळेल या फुलांना?" असे विचारावे. आजींना एखाद्या जुन्या आठवडी बाजाराची वाट सापडेल, नाहीतर त्या माणसाला चार शब्द सुनावतील. दोन्ही चांगलेच.

कोण स्वतःला चित्रात कुठे पाहतो, याकडे लक्ष असू द्यावे. कोणी त्या माणसाच्या बाजूने बोलते, कोणी त्या स्त्रीच्या. सत्तरीतील पत्नी पंचाहत्तरीतील पतीची सेवा करीत असेल, तर तिचे बोट कुठे टेकते ते पाहा. एखादा वृद्ध म्हणेल, "त्या टोपलीचं काही खरं नाही, पडणार ती." त्या क्षणी तो टोपलीविषयी बोलत आहे की स्वतःविषयी, हे विचारण्याची गरज नाही. "पडू नये म्हणून काय करता येईल?" एवढे विचारावे. जे थेट बोलता येत नाही, ते कधीकधी चित्राच्या आडून बोलता येते.

या पाहण्यात प्रकृतीच्या दोन खुणाही ध्यानात येऊ शकतात. वयाबरोबर डोळ्यातील भिंग पिवळसर होते आणि मोतीबिंदू वाढला की निळ्या-जांभळ्या छटा मळकट दिसू लागतात. थोर फ्रेंच चित्रकार क्लोद मोने यांना हा त्रास होता. १९२३ साली, वयाच्या ८२व्या वर्षी त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली. मोतीबिंदूच्या वर्षांतील त्यांच्या काही चित्रांत तांबूस-तपकिरी रंगांचा भर दिसतो. आपल्या आजोबांना ही फुले तपकिरी दिसली, तर वाद न घालता नेत्रतपासणीची वेळ घ्यावी. दुसरी खूण अशी, की कोणी चित्राच्या एकाच अर्ध्या भागाविषयी बोलत असेल, उरलेला अर्धा भाग त्याला जणू दिसतच नसेल, ताटातल्याही एका बाजूचे अन्न तसेच राहत असेल, तर ते डॉक्टरांना सांगावे. मेंदूच्या आघातानंतर असे होऊ शकते. हा बदल अचानक झाला असेल, तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला किंवा बोलणे अडखळू लागले, तर क्षणही न दवडता रुग्णालय गाठावे.

जमिनीवरून उठताना

या चित्राकडे पाहणाऱ्या भौतिकोपचार तज्ज्ञाला आणखी एक गोष्ट दिसेल. माणसाची ती ओणवी अवस्था म्हणजे हार मानणे नव्हे. घरात पडलेल्या वृद्धाला जमिनीवरून उठायला शिकविताना हीच अवस्था मधल्या पायरीसारखी वापरतात.

वृद्ध व्यक्ती पडली की घरचे धावतात आणि काखेत हात घालून तिला ओढून उभे करतात. त्यात तिचा खांदा दुखावतो आणि ओढणाऱ्याची कंबर धरते. घाई न करता आधी विचारपूस करावी. डोक्याला मार लागला आहे का? कमरेत, मांडीत तीव्र वेदना आहे का? पाय हलत नाही किंवा आखूड, बाहेर वळलेला दिसतो का? रक्त पातळ ठेवणारे औषध चालू आहे का? यांपैकी काही असेल तर उचलू नये. उशी आणि पांघरूण देऊन १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

दुखापत नसेल तर एक भक्कम, न सरकणारी खुर्ची जवळ आणावी. पडलेल्या व्यक्तीने प्रथम कुशीवर वळावे, मग कोपरावर जोर देऊन हात आणि गुडघे टेकावेत, म्हणजे नेमके चित्रातल्या माणसासारखे व्हावे. तिथे थांबून दोन-चार श्वास घ्यावेत. मग दोन्ही हात खुर्चीच्या बैठकीवर ठेवावेत, अधिक बळकट पाय पुढे घेऊन पाऊल जमिनीवर रोवावे, हात आणि पाय यांच्या जोरावर उठावे आणि हळूच वळून खुर्चीत बसावे. लगेच चालू लागू नये, कारण चक्कर येण्याचा संभव असतो. गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेल्यांनी किंवा हाडे फार ठिसूळ असलेल्यांनी ही कृती आपल्या तज्ज्ञांकडून आधी शिकून घ्यावी.

या वेळी मदतनीसाने काय करावे? चित्रातील स्त्री करते तेच. जवळ, किंचित मागे उभे राहावे, कमरेपाशी आधार द्यावा, तोल सांभाळावा, धीर द्यावा. उचलण्याचे काम शक्यतो उठणाऱ्याच्या स्वतःच्या पायांना करू द्यावे. आपले पाय फाकवून, गुडघे किंचित वाकवून, पाठ सरळ ठेवावी. रोज आधार द्यावा लागत असेल तर कमरेला बांधायचा, मुठी असलेला रुंद पट्टा मिळतो. चित्रातल्या पिवळ्या पट्ट्याचीच आठवण व्हावी असा. तो वापरण्याची रीत तज्ज्ञांकडून शिकावी आणि पोटाची शस्त्रक्रिया झाली असेल तर आधी विचारावे. सारे काही आपणच करून टाकले की वृद्धाच्या पायांतले उरलेसुरले बळही जाते. काहीच केले नाही तर तो पडतो. या दोहोंच्या मधली जागा म्हणजे हातभार.

तिच्या मागे कोण आहे?

चित्राकडे शेवटी आणखी एकदा पाहा. माणसाच्या मागे स्त्री आहे. स्त्रीच्या मागे कोणीही नाही. पाहणाऱ्याचे लक्ष आधी टोपलीकडे जाते, मग माणसाकडे, आणि तिच्याकडे सर्वांत शेवटी. कुटुंबातही असेच घडते. रुग्णाची चौकशी सारे करतात. सेवा करणारीची पाठ, तिचा रक्तदाब, तिची झोप यांची चौकशी क्वचितच होते.

आपण सेवा करणारे असाल, तर आपली औषधे आणि तपासण्या रुग्णाच्या तपासणीइतक्याच नेमाने करा. आठवड्यातून काही तास दुसऱ्याच्या हाती सोपवून घराबाहेर पडा. त्यात अपराध नाही. मदत मागताना "जरा लक्ष असू द्या" असे मोघम म्हटले तर कोणी पुढे येत नाही. मोळीवाली बाई कुठे हात लावायचा ते नेमके दाखवते. तसेच म्हणा, "रविवारी दहा ते एक तू बाबांजवळ बस," "या महिन्याची औषधे तू आण," "मंगळवारी रात्री मी झोपणार, तू जागा राहा." टोपलीतली चार फुले नाव घेऊन काढून द्या. परगावी असलेल्या भावंडांनाही फोनवरून विम्याची कागदपत्रे, डॉक्टरांची वेळ, वीजबिल ही कामे करता येतात.

घरात हात लावणारे कोणीच नसेल, तर ज्येष्ठ नागरिकांसाठी १४५६७ ही शासनाची मदतवाहिनी आहे. मन फार खचले असेल, तर १४४१६ या 'टेलि-मानस' क्रमांकावर प्रशिक्षित समुपदेशक बोलतात. दोन्ही सेवा विनामूल्य आहेत. तिथे फोन करणे म्हणजे वाटेवरच्या अनोळखी बाईला "जरा हात लाव गं" म्हणण्यासारखेच आहे, आणि त्यात आपल्या आजीला कधी कमीपणा वाटला नव्हता.

हे चित्र पंधरा दिवस घरात नजरेस पडेल अशा जागी लावा. जेवणाच्या मेजाशेजारी लावले तर उत्तम, कारण तिथे सारे एकत्र येतात. त्याखाली काही लिहू नका, कोणाला उद्देशून बोलूही नका. येता-जाता घरातील प्रत्येकाला एकदा तरी विचारा, की त्या बाईचे हात काय करीत आहेत. उत्तरे वेगवेगळी येतील. ती ऐकून घ्या, आणि या आठवड्यात आपल्या घरच्या टोपलीला कोणाचा हात कुठे लागेल, ते सर्वांनी मिळून ठरवा.